खलपुरुषाचे कारण

एखाद्या मान्यता पावलेल्या चित्रपटाची नवी आवृत्ती निघाली म्हणजे प्रेक्षक तिच्याकडे ठरीव अशा दोन तक्रारी घेऊन जातो. जुन्यातले सारे हिच्यात नाही, ही एक. आणि जुन्यातलेच सारे हिच्यात आहे, मग हा खटाटोप कशासाठी, ही दुसरी. ‘जिंगी नो हाकाबा’ या जपानी चित्रपटाच्या नव्या आवृत्तीविषयी मात्र एक तिसरीच तक्रार ऐकू येते, आणि ती अधिक विचार करण्याजोगी आहे. हा मनुष्य असा का वागतो हे चित्रपट सांगतच नाही, असे प्रेक्षक म्हणतात.

मूळ चित्रपट १९७५ चा, तोएई कंपनीचा. दिग्दर्शक किंजी फुकासाकू. ‘जिंगी’ म्हणजे माणुसकी आणि कर्तव्यनिष्ठा मिळून होणारा धर्म. याकुझा नावाने ओळखल्या जाणाऱ्या टोळ्या या धर्माचा उच्चार मोठ्या अभिमानाने करीत असतात. ‘हाकाबा’ म्हणजे दफनभूमी. १९६० नंतरच्या दशकात जपानी पडद्यावर जे गुंड वावरले ते बहुतेक या धर्मासाठी प्राण वेचणारे, किमोनो घातलेले धीरोदात्त नायकच होते. फुकासाकूने १९७३ पासून हे सोवळे सोडले आणि खऱ्या घटनांवरून, वृत्तपटाच्या धाटणीने चित्रपट काढण्यास आरंभ केला. या चित्रपटाचा नायक रिकिओ इशिकावा हाही प्रत्यक्षात होऊन गेलेला. युद्धोत्तर तोक्योच्या काळ्या बाजारात तो वाढला. जपानीत टोळीप्रमुखाला ‘ओयाबुन’, म्हणजे पित्याच्या स्थानी असलेला, म्हणतात; इशिकावाने त्या पित्यावरच शस्त्र उगारले. शिक्षा म्हणून त्याला दहा वर्षे तोक्योबाहेर राहण्यास फर्मावले गेले. तो ओसाकात गेला, मादक द्रव्यांच्या आहारी गेला, मुदतीपूर्वीच परतला, आणि ज्याने त्याला आसरा दिला त्या शपथबंधूचाच त्याने जीव घेतला. १९५६ साली फुचूच्या तुरुंगाच्या छपरावरून उडी टाकून त्याने स्वतःचाही शेवट केला.

ताकाशी मिइके याने २००२ साली हीच कथा पुन्हा सांगितली. नायकाचे नाव किंचित बदलून रिकुओ इशिमात्सू झाले आणि काळ चाळीस वर्षे पुढे सरकला. आता भोवती उद्ध्वस्त तोक्यो नाही. १९८० नंतरच्या दशकातली भरभराट आणि मागाहून तिची उतरण आहे. उपाहारगृहात बश्या विसळणारा हा तरुण एका टोळीप्रमुखाचा प्राण वाचवितो आणि त्याचा लाडका होतो. पुढे पैशाच्या बाबतीतील एका क्षुल्लक गैरसमजातून तो त्याच्यावरच गोळी झाडतो.

हे दोन्ही चित्रपट आम्ही काही मंडळींनी लागोपाठच्या दोन रविवारी एका स्नेह्यांच्या घरी पाहिले. स्नेही लेखापरीक्षा खात्यातून निवृत्त झालेले. दिल्लीत येऊन तीस वर्षे झाली तरी बोलणे अजून साताऱ्याचे. त्यांचा निकाल तिथल्या तिथे लागला. “पहिल्याला कारण होते, दुसऱ्याला नाही.” मी विचारले, पहिल्याला कोणते? ते म्हणाले, “युद्ध. दुसरे कोणते?”

यावर कुणी हरकत घेतली नाही. मलाही तेव्हा घ्यावीशी वाटली नाही. पण घरी येताना ध्यानात आले की युद्धाने हा मनुष्य असा झाला, असे फुकासाकूने कोठेच म्हटलेले नाही. चित्रपटाच्या आरंभी इशिकावाच्या बालपणाची छायाचित्रे येतात, त्याला ओळखणाऱ्यांचे आवाज ऐकू येतात. पण त्या साऱ्यांतून या माणसाचा उलगडा होत नाही. त्याच काळ्या बाजारात, त्याच भुकेत त्याचे सोबतीही वाढले होते. ते गुंड झाले, पण टोळीचे नियम पाळून राहिले. पित्यावर शस्त्र त्यांनी उचलले नाही. म्हणजे युद्ध हे कारण चित्रपटाचे नव्हे. ते आमचे, आम्ही भरलेले. मिइकेने ते भरण्याची जागाच काढून घेतली, आणि आम्ही रागावलो.

आपण बहुतेक सारे कचेऱ्यांतली माणसे. चौकशीच्या अहवालात ‘कारण’ हा रकाना कोरा ठेवून कागद वर धाडण्याची सोय नसते. काहीच सापडले नाही तर ‘कौटुंबिक अडचणी’ असे लिहून आपण सुटतो. नाट्यगृहातही आपली ही खोड जात नाही, आणि आपल्या नाटककारांनी ती पुरविली आहे. ‘एकच प्याला’तील सुधाकर घ्या. त्याची सनद जाते, अपमान होतो, त्यात तळीराम भेटतो. अधःपाताची प्रत्येक पायरी गडकऱ्यांनी बांधून दिली आहे, म्हणून त्याच्या हातून पोर मेले तरी आपण त्याच्याबरोबर उतरत राहतो. न. चिं. केळकरांनी वाङ्मयानंदाला ‘सविकल्प समाधी’ म्हटले ते येथे चपखल लागू पडते : आपण आपले राहूनही दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो. परंतु ज्याच्यात शिरायला दारच नाही, अशा माणसापुढे प्रेक्षकाने काय करावे?

मग मिइकेचा चित्रपट सरस ठरतो काय? मला तसे वाटत नाही. गोरो किशितानीचा भावशून्य चेहरा विसरता येत नाही, आणि नशेत बुडालेल्या खोलीतले प्रसंग अंगावर येतात. पण हे सारे दुरून, थांबून पाहिल्यासारखे आहे. फुकासाकूचा कॅमेरा तिरपा होतो, धावतो, मध्येच गोठतो. निवेदक तारखा सांगतो. शोधाची सारी यंत्रणा जिवाच्या आकांताने पळते आणि रिकाम्या हातांनी परत येते. इशिकावा मितोचा, फुकासाकूही मितोचाच, आणि पंधराव्या वर्षी शस्त्रांच्या कारखान्यात सोबत्यांचे मरण पाहिलेला. शोधणाऱ्याची ती तळमळ पडद्यावर दिसते. शोधून न सापडणे निराळे आणि न शोधणे निराळे. नवा चित्रपट थंड वाटतो म्हणणाऱ्यांची जाणीव खरी आहे; कारण दिले नाही ही तक्रार मात्र चुकीच्या पत्त्यावर गेली आहे.

फुकासाकूच्या चित्रपटात एक प्रसंग आहे. पत्नी चिएको क्षयाने खंगून जीव देते. तिच्या अस्थी घेऊन इशिकावा आपल्या जुन्या धन्याकडे येतो, स्वतंत्र टोळीसाठी जागा आणि पैसा मागतो, आणि मागता मागता त्या अस्थी चावू लागतो. तेत्सुया वातारी हा नट आदल्या वर्षीच मोठ्या दुखण्यातून उठलेला. गाल बसलेले, डोळ्यांवर काळा चष्मा. धनी आणि त्याची माणसे नुसती पाहत राहतात. हे दुःख आहे, वेड आहे की धमकी आहे? तिन्ही आहेत, किंवा तिन्ही नाहीत. आमच्या खोलीत त्या वेळी कोणी हलले नाही. नव्या चित्रपटाच्या शेवटी रक्ताचा मोठा फवारा उडतो, तेव्हा मात्र एकदोघे हसले.

स्नेह्यांच्या पत्नी दोन्ही रविवारी शेवटपर्यंत बसल्या होत्या. दोन्ही चित्रपटांत हा मनुष्य चिएकोवर प्रथम बळजबरी करतो आणि तीच पुढे त्याची होऊन राहते. चहा देताना वहिनी म्हणाल्या, “त्याचं कारण तुम्हां सगळ्यांना हवं होतं. ती त्याच्यापाशी का राहिली, हे कुणीच विचारलं नाही.”

स्नेही म्हणाले, “अहो, ती जपानी बाई. त्यांच्यात तसंच.” वहिनींनी त्यांच्याकडे पाहिले आणि विचारले, “आणि सिंधू?”

गेल्या आठवड्यात मी फुकासाकूचा चित्रपट केवळ तिच्यासाठी पुन्हा पाहिला. इशिकावाच्या जन्मापासून मरणापर्यंतचा हिशेब त्यात आहे. शेवटी त्याचे थडगे दिसते. त्याच्या दगडावर ‘जिंगी’ असे कोरलेले आहे. चिएको कोठून आली, त्याच्याआधी कशी जगत होती, हे विचारायला मात्र कॅमेरा एकदाही थांबत नाही. मिइकेचाही थांबत नाही, आणि त्याच्यापाशी तर जवळजवळ चाळीस मिनिटे अधिक होती.