अस्सलपणाचा दाखला कोणी द्यायचा?

व्यवस्थापनशास्त्र शिकवण्यात माझी पंचवीसेक वर्षे गेली. त्यांतली निम्मी वर्षे मी ‘ऑथेंटिक लीडरशिप’ हा विषय मोठ्या उत्साहाने शिकवला. स्वतःला ओळखा, मनात असेल तेच बोला, आपली मूल्ये सोडू नका, मग माणसे तुमच्यावर विश्वास टाकतील, हा त्याचा मथितार्थ. एकदा सरकारी अधिकाऱ्यांच्या शिबिरात मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘‘सर, आम्ही मनातलं बोललो तर विश्वास मिळत नाही, बदलीचा कागद मिळतो. त्याचं काय?’’ सगळे हसले. मीही हसलो आणि पुढच्या स्लाइडकडे वळलो. आपण उत्तर टाळले ही गोष्ट मात्र टोचत राहिली. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

या संकल्पनेला मी मराठीत ‘अस्सल नेतृत्व’ म्हणतो. ‘प्रामाणिक’ हा शब्द जवळचा असला तरी अपुरा वाटतो. अस्सल या शब्दाला आपल्याकडे दप्तरखान्याचा वास आहे. अस्सल कागद आणि त्याची नक्कल हा भेद आपल्या इतिहाससंशोधकांनी आयुष्यभर केला. पण कागद अस्सल आहे हे कागद स्वतः सांगत नाही. शाई, वळण, शिक्का, तारीख आणि इतर कागदांशी पडणारा मेळ यांवरून ते ठरते. हा मुद्दा पुढे लागणार आहे, म्हणून इथेच नोंदवून ठेवतो.

हा सिद्धान्त जन्मला तो अमेरिकेत, विश्वासघाताच्या धक्क्यातून. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉन कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि पुढच्याच वर्षी वर्ल्डकॉमचीही तीच गत झाली. हिशेबांतली लबाडी उघड झाली. तोवर व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून दिपवून टाकणाऱ्या, करिष्मा असलेल्या नेत्याचे गुणगान चालले होते. पेसमेकर बनवणाऱ्या मेडट्रॉनिक कंपनीचे माजी प्रमुख बिल जॉर्ज यांचे या विषयावरील पुस्तक २००३ मध्ये आले. दुसऱ्या कुणाची नक्कल करून नेता होता येत नाही, हे त्यांचे सांगणे. त्याच सुमारास लुथान्स आणि अव्होलिओ या अभ्यासकांनी विषयाची सैद्धान्तिक मांडणी सुरू केली. २००८ मध्ये वालुम्ब्वा आणि सहकाऱ्यांनी अमेरिका, चीन आणि केनिया या देशांतील माहितीच्या आधारे सोळा विधानांची प्रश्नावली सिद्ध केली. तिचे चार खांब असे : आत्मभान, नात्यातील पारदर्शकता, बाहेरच्या दडपणाला न जुमानणारा आतला नैतिक निकष, आणि विरोधी मतेही ऐकून घेणारा समतोल विचार.

या मांडणीचे बळ नाकारण्यात अर्थ नाही. नेतृत्वाच्या चर्चेतून हद्दपार होऊ पाहणारी नीती तिने परत आणली. नेत्याचा आवाज खर्जातला असावा, त्याने सभा गाजवावी, अशी कोणतीही अट घातली नाही. अबोल, संकोची माणसालाही तिने नेतृत्वाचा हक्क दिला. समतोल विचाराचा चौथा खांब तर मला आजही मोलाचा वाटतो, कारण होयबांच्या गर्दीत बसलेल्या वरिष्ठाला त्याचीच सर्वांत जास्त गरज असते.

आक्षेपही तितकेच वजनदार आहेत. ॲलिस ईगली यांनी २००५ मध्येच दाखवले, की नेत्याने मूल्ये बोलून दाखवणे पुरेसे नाही. ती मांडण्याचा त्याचा अधिकार अनुयायांनी मान्य करावा लागतो, आणि स्त्रियांना व बाहेरच्या मानल्या गेलेल्यांना ही मान्यता सहज मिळत नाही. हर्मिनिया इबारा यांनी २०१५ मध्ये वेगळा धोका सांगितला. ‘मी असाच आहे’ हे वाक्य शिकण्याचे दार बंद करण्यासाठीही वापरता येते. २०१६ मध्ये बँक्स आणि सहकाऱ्यांनी आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. ही कल्पना जुन्या ‘परिवर्तनकारी नेतृत्वा’पासून आकडेवारीत फारशी वेगळी काढता येत नाही, असे त्यातून दिसले.

माझा आक्षेप मात्र एका मराठी प्रसंगातून आला. १८९७ साली फर्ग्युसन महाविद्यालयातील एकतीस वर्षांचे प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेले होते. इकडे पुण्यात प्लेगच्या निमित्ताने गोऱ्या सोजिरांकडून घरझडत्या चालू होत्या. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून गोखल्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितले, की सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतील एकीने आत्महत्या केली. विलायतेत खळबळ उडाली. परत आल्यावर त्यांनी पुरावा शोधला. पण कुणीही पुढे येईना. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, टिळकांना अटक झाली होती, नातू बंधू खटल्यावाचून स्थानबद्ध होते. अशा वेळी साक्षीला कोण उभे राहणार? ऑगस्टमध्ये गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे मात्र त्यांनी सांगितली नाहीत. घरझडत्यांचा जाच खोटा नव्हता. सिद्ध करता आला नाही तो हा विशिष्ट आरोप. पण लोकांच्या लेखी गोखले भ्याड ठरले.

आता आपले चार खांब इथे लावून पाहू. समतोल विचार? आरोप करताना तो ढळला होता. पत्रांची शहानिशा झाली नव्हती. माफीच्या वेळी तो परत आला. आतला नैतिक निकष? सिद्ध न करता येणारी गोष्ट मागे घेतलीच पाहिजे, हा तो निकष, आणि तो त्यांनी लोकमताविरुद्ध पाळला. आत्मभान? आपण चुकलो हे जगासमोर मान्य करण्याहून त्याचा मोठा पुरावा कोणता? अडचण होते ती पारदर्शकतेशी. ज्यांच्या भरवशावर आपण बोललो त्यांची नावे उघड केली असती, तर गोखल्यांच्या माथ्यावरचा बोजा हलका झाला असता. त्यांनी तो हलका केला नाही. या प्रसंगातील सर्वांत नैतिक कृती ही न बोलण्याची कृती आहे, आणि प्रश्नावलीच्या रकान्यात तिला गुण नाहीत.

त्याहून मोठी अडचण मोजणीची. ही प्रश्नावली प्रामुख्याने अनुयायांकडून भरून घेतली जाते. ऑगस्ट १८९७ मध्ये ती पुण्यात वाटली असती, तर गोखल्यांच्या वाट्याला काय आले असते ते सांगायला नको. सिद्धान्त म्हणतो, अस्सलपणातून विश्वास निपजतो. इथे अस्सल वागण्यातून विश्वास गेला. कुणी म्हणेल, ती माफी अस्सल नव्हतीच, सरकारच्या धाकाने मागितलेली होती. हा संशय त्या दिवशी कोणत्याही युक्तिवादाने खोडता आला नसता, कारण माणसाच्या आत डोकावण्याची सोय नाही. तो खोडला पुढच्या वर्षांनी. प्लेगच्या कामात स्वयंसेवक म्हणून राबणे, केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पांवर सरकारला आकड्यांनिशी जाब विचारणे, १९०५ साली काँग्रेसचे अध्यक्षपद आणि त्याच वर्षी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना, या सगळ्यांशी ताडून पाहिली तेव्हा ती माफी त्याच हाताची ठरली. कागदाचा अस्सलपणा इतर कागदांवरून ठरावा, तसेच हे झाले.

म्हणून माझे म्हणणे असे, की अस्सलपणा हा नेत्याच्या अंगी असलेला आणि एका बैठकीत मोजता येणारा गुण नव्हे. तो काळ गेल्यावर इतरांनी दिलेला निर्णय आहे. सिद्धान्ताने काळ वगळला. दुसरी वगळलेली गोष्ट म्हणजे आसरा. गोखल्यांच्या पाठीशी न्यायमूर्ती रानडे होते, डेक्कन एज्युकेशन सोसायटीतली नोकरी होती. लोकांनी झिडकारले तरी पाय टेकायला जागा उरली. अशी जागा नसलेल्यांना ‘खरे बोला’ असे शिकवणे आणि परिणामांची जबाबदारी त्यांच्यावरच सोडणे, हे मला आता शिक्षकाच्या जबाबदारीला धरून वाटत नाही.

त्या अधिकाऱ्याला आज मी काय सांगेन? बदलीचा कागद आला म्हणून तुमचे बोलणे खोटे ठरत नाही, आणि टाळ्या पडल्या म्हणून खरेही ठरत नाही. बोलण्याआधी पत्रे तपासून घ्या. गोखल्यांनाही ते महागात पडले. आणि उद्या वरिष्ठाच्या खुर्चीत बसाल तेव्हा स्वतः किती अस्सल आहोत हे विचारू नका. आपल्या हाताखालचा माणूस मनातले बोलला तर त्याच्या हाती कोणता कागद पडतो, एवढे पाहा. शिबिरात त्या दिवशी एवढे जरी सांगता आले असते, तरी पुढची स्लाइड दाखवायची गरज उरली नसती.