सही आणि वचन

मर्यादित आवृत्तीच्या मुद्राचित्राखाली पेन्सिलीने लिहिलेला ‘७/५०’ हा मजकूर भाषाभ्यासकानेही पाहण्याजोगा आहे. त्यातील ७ हा केवळ प्रतीचा क्रमांक. कलावंताला बांधून घेतो तो ५०. एकावन्नावी प्रत विक्रीस निघणार नाही, असे ते वचन होय. म्हणूनच आवृत्ती पुरी झाल्यावर मूळ धातूच्या पत्र्यावर रेघा ओढून तो निकामी करण्याची प्रथा पडली.

सहीने चित्रातील रेषा सुधारत नाही, हा आक्षेप खरा असला तरी अप्रस्तुत आहे. सही चित्राविषयी बोलत नाही. चित्रकाराने पत्करलेल्या जबाबदारीविषयी बोलते. तैलचित्राला एकच ग्राहक मिळतो. येथे बेताच्या किमतीत पन्नास मिळतात, ते या वचनावर विसंबूनच. व्हिसलरसारख्या चित्रकारांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही रीत रुजविली. उलट, १९७४ साली साल्वादोर दालीची सही असलेले हजारो कोरे कागद फ्रान्सच्या सीमेवर सापडले. तेथे सही होती, पण ती ज्याची ग्वाही देणार ते चित्रच नव्हते. पुढे त्याच्या मुद्राचित्रांच्या अस्सलपणाविषयी ग्राहक साशंक झाले. तात्पर्य, सहीला मोल येते ते कलावंताने पाळलेल्या मर्यादेमुळे. केवळ नावामुळे नव्हे.