किंकाळी कुणाला ऐकू जाणार?

खडबडीत, ओसाड पृष्ठभागावरून कॅमेरा संथपणे सरकत जातो. मग काळोखात एक अंडं दिसतं. आकाराने कोंबडीच्या अंड्यासारखंच. पण आजूबाजूला घरटं नाही, कोंबडी नाही, जमिनीचाही आधार नाही. पाहता पाहता त्याला तडा जातो आणि आतून झगझगीत उजेड बाहेर येतो. रिडली स्कॉटच्या १९७९ सालच्या ‘एलियन’चा हा ट्रेलर. विज्ञानपटांचे ट्रेलर मी हौसेने पाहतो, पण थरारकथेची सगळी हत्यारं इतक्या संयमाने वापरलेला दुसरा ट्रेलर मला आठवत नाही.

यात कुणी बोलत नाही, आणि ही या ट्रेलरची पहिली मोठी करामत. त्या काळी ट्रेलर म्हटला की धीरगंभीर आवाजातलं निवेदन ठरलेलं असे. १९७५ च्या ‘जॉज’च्या ट्रेलरला पर्सी रॉड्रिग्जचा खर्जातला आवाज होता. त्याआधी १९६० मध्ये ‘सायको’च्या ट्रेलरमध्ये स्वतः हिचकॉक मोटेलभर हिंडून कुठे काय घडलं ते रंगवून सांगतो, आणि त्या सांगण्यातही त्याची खास लज्जत आहे. ‘एलियन’ची कल्पना मुळात ‘अंतराळातला जॉज’ अशीच मांडली गेली होती, तेव्हा तसाच आवाज लावणं सोपं होतं. तो लावला नाही, हे फार बरं झालं. निवेदक कितीही घाबरवत असला तरी त्याची सोबत असते. पुढे काय झालं ते त्याला ठाऊक असतं, म्हणजे कुणीतरी ते पाहून, जगून परत आलेलं असतं. तो काढून घेतला की प्रेक्षक एकटा पडतो.

त्याच्या जागी येतो तो एक आवाज. भोंग्यासारखा, पण भोंग्यापेक्षा जिवंत. ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा उठणारा, कानाला टोचणारा. अंडं फुटल्यावर या आवाजाच्या तालावर दृश्यं तुटत जातात. बोळकांडीतून धावणारी रिप्ली (सिगर्नी वीव्हर), फिस्कारणारं मांजर, घामेजलेले चेहरे, लुकलुकणारे दिवे. थरारपटाचा जुना नियम असा की पळणारा दाखवावा, पाठलाग करणारा झाकून ठेवावा. इथे तो शेवटपर्यंत पाळला आहे. एच. आर. गीगरच्या कल्पनेतून उतरलेला तो प्राणी या चित्रपटाचं सर्वांत मोठं भांडवल होतं, आणि ट्रेलर त्याला धड दिसूच देत नाही. माणसं कशापासून पळताहेत हे कळत नाही, म्हणून आपण त्यांच्या चेहऱ्यांकडे अधिक बारकाईने पाहू लागतो.

नॉस्ट्रोमो या यानावर सात जण. त्यांतलं वाचणार कोण, याचाही पत्ता लागत नाही. सिगर्नी वीव्हर तेव्हा नवखी होती आणि श्रेयनामावलीत पहिलं नाव टॉम स्केरिटचं. आज आपण रिप्लीला ओळखतो म्हणून तिच्यावर डोळा ठेवतो. १९७९ च्या प्रेक्षकाला ती सातांतली एक होती. हा ट्रेलर पाहताना तेवढं विसरता आलं, तर त्याची खरी धार कळते.

गंमत अशी की ते अंडं चित्रपटात नाहीच. चित्रपटातली अंडी चामड्यासारख्या सालीची आहेत आणि वरच्या टोकाला पाकळ्यांसारखी उघडतात. तडकणारं अंडं ट्रेलरसाठी आणि पोस्टरसाठी वेगळं घडवलं. याला कुणी फसवणूक म्हणेल. मला यातच ट्रेलरचं स्वतंत्र कलापण दिसतं. चित्रपटातले तुकडे जोडून जाहिरात करण्यावर तो थांबत नाही, चित्रपटाचा गाभा एका नव्या प्रतिमेत पकडतो. चामडी अंडं पाहून आपण परक्या ग्रहावर गेलो असतो. ओळखीचं अंडं भीती थेट स्वयंपाकघरात आणून ठेवतं.

इथे माझ्यासारख्या नाशिककराला दादासाहेब फाळके आठवले नाहीत तरच नवल. त्र्यंबकचा हा माणूस १९१२ मध्ये लंडनहून परतला. चित्रपटासाठी भांडवल उभं करायचं तर लोकांना काहीतरी दाखवायला हवं, म्हणून त्याने कुंडीत वाटाणा लावला आणि त्याची वाढ रोज थोडी थोडी चित्रित केली. ‘अंकुराची वाढ’ म्हणतात ती हीच चित्रफीत. पडद्यावर बी फुटून वेल वर चढताना दिसला आणि पैसा लावणाऱ्यांची खात्री पटली. पुढच्या चित्रपटाचं एकही दृश्य त्यात नव्हतं. होतं ते फक्त वचन. एकीकडे फुटणारं बी, दुसरीकडे फुटणारं अंडं. कवच तडकताना आत काय आहे, या प्रश्नाने डोळे पडद्याला खिळतात. फाळक्यांनी त्यातून नवल उभं केलं, ‘एलियन’च्या ट्रेलरने दहशत.

आणि मग ट्रेलरच्या शेवटी ती ओळ. बार्बरा गिप्स यांनी लिहिलेली. अंतराळात तुमची किंकाळी कुणालाही ऐकू जात नाही, असा तिचा आशय. आपल्या रहस्यकथांत आडरानातला बंगला असतो, मुसळधार पाऊस असतो, टेलिफोनची तार कापलेली असते. मदत येणार नाही हे पटवून देण्यासाठी लेखकाला एवढा खटाटोप करावा लागतो. इथे तार कापायला कुणी लागत नाही. निर्वात पोकळीतून ध्वनी जात नाही, हा शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातला, काचेच्या हंडीतल्या घंटेचा धडा. थरारकथेची सर्वांत जुनी अट विज्ञानाने परस्पर पूर्ण करून टाकली. विज्ञानकथा आणि थरारकथा यांचा सांधा इतक्या थोड्या शब्दांत जुळलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. आणि संकलकाची समज बघा: इतका वेळ कान किटवणारा आवाज ही ओळ येताना ओसरलेला असतो.

दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात राहणाऱ्याला संकटाआधीचं हे वाट पाहणं नवं नाही. गोडी छाटणी झालेली, बाग फुलोऱ्यात, आणि आभाळ भरून येतं. पाऊस सुरू झाला की माणूस कामाला लागतो. जीव टांगणीला लागतो तो त्याआधी. चांगला ट्रेलर ‘त्याआधी’मध्येच थांबतो. हल्लीचे अनेक विज्ञानपट ट्रेलरमध्येच खलनायक, शेवटची लढाई, कोसळणारं शहर सगळं उधळून टाकतात, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

म्हणून जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या विज्ञानकादंबरीवर कुणी चित्रपट काढला तर त्याच्या ट्रेलरबद्दल माझं एक मागणं आहे. खोदकामात सापडलेली ती प्राचीन पेटी दाखवावी, ती उघडायला जमलेले शास्त्रज्ञ दाखवावेत, त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंदही दाखवावा. तिच्यातल्या ज्ञानातून घडलेला यंत्रमानव मात्र एका चौकटीतही दिसू देऊ नये.