मृत्यूचा हेतू : मार आणि ड्रॅक्युलाचा सेवक

परभणी येथील आमच्या पाली वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, मृत्यूला कोणाची चाकरी करण्याचे कारण काय?" प्रश्न 'कॅसलव्हेनिया' या खेळमालिकेविषयी होता. कोनामी या जपानी कंपनीने १९८६ साली आरंभिलेल्या या मालिकेत मृत्यू हा ड्रॅक्युलाचा एकनिष्ठ सेवक आहे. २००३ सालच्या 'लॅमेंट ऑफ इनोसन्स' या भागात त्या सेवेचे मूळ एका रक्तवर्णी मण्याच्या सामर्थ्यात दाखविले आहे. २०२१ साली संपलेल्या चित्रमालिकेत मात्र तोच मृत्यू माणसांच्या मरणावर पोसणारा कारस्थानी ठरतो. म्हणजे एकदा निष्ठा, एकदा भूक.

दोन्ही कल्पना रंजक खऱ्या, परंतु पाली वाङ्मयातील मारापुढे त्या अपुऱ्या वाटतात. 'मार' म्हणजे मारणारा. संयुत्तनिकायातील मारसंयुत्तात तो कधी हत्ती, कधी सर्प, कधी शेतकरी होऊन येतो. रूपे अनेक, हेतू एकच : प्राणिमात्रांनी आपल्या अधिकारक्षेत्राबाहेर जाऊ नये. तो कोणाचा चाकर नाही. तो ताबा न सोडणारा सत्ताधीश आहे. पधानसुत्तात त्याची सेना काम, अरती, भूक-तहान, तृष्णा, आळस, भय यांची आहे. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातील मारविजयाच्या शिल्पात ती सेना चाल करून येते. बुद्ध मात्र शस्त्र उचलीत नाहीत. मार ओळखला गेला की खिन्न होऊन अंतर्धान पावतो. खेळातील मृत्यू चाबकाने हरतो आणि पुढच्या भागात पुन्हा हजर होतो.

मारतज्जनीयसुत्तात तर महामोग्गल्लान माराला सांगतात की, पूर्वी आपणच दूसी नावाचा मार होतो. म्हणजे मार हे एक पद आहे. त्यावर बसणाऱ्यास आपल्या कर्माचे फळ चुकत नाही.

तथापि खेळाचा एक गुण मान्य केला पाहिजे. मृत्यू कोणाच्या आज्ञेने आला, हे तो विचारावयास लावतो. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर आंदोलन झाले आणि त्यात अटक झालेला एक आंबेडकरी तरुण न्यायालयीन कोठडीत मरण पावला. तेव्हा परभणीलाही हाच प्रश्न पडला होता. अशा वेळी 'काळाने नेले' असे म्हणून स्वस्थ बसणे म्हणजे मारास न ओळखणे होय. धम्म प्रत्येक घटनेचे कारण शोधावयास शिकवितो.

विद्यार्थ्यास आमचे उत्तर एवढेच : मरणाला हेतू नसतो, हेतू असतो तो ताबा राखू पाहणाऱ्याला.