साक्षीच्या पिंजऱ्यातील वकील : ताईमहाराज प्रकरण आणि उलटतपासणीची नीती

वऱ्हाडातील वकीलवर्गाचा इतिहास बहुधा राजकीय इतिहासाचे एक प्रकरण म्हणूनच लिहिला गेला आहे. अमरावतीचे रघुनाथ नरसिंह मुधोळकर 1912 च्या बांकीपूर येथील काँग्रेसचे अध्यक्ष होते; मोरोपंत जोशी सरकारी कार्यकारी मंडळापर्यंत पोहोचले; गणेश श्रीकृष्ण तथा दादासाहेब खापर्डे 1897 च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष आणि पुढे टिळकांचे निकटचे सहकारी झाले. या तिघांची वकिली चरित्रलेखकांनी सांगितली आहे. परंतु ती उपजीविकेचे साधन किंवा लोकसंग्रहाची पायरी म्हणून. वकिली हा एक नैतिक व्यवसाय आहे, त्याची स्वतःची बंधने आहेत आणि त्या बंधनांची कसोटी या मंडळींच्याच आयुष्यात लागली, ही बाजू मात्र उपेक्षित राहिली. या उपेक्षेचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ताईमहाराज प्रकरण होय.

प्रकरणाची रूपरेषा परिचित असली तरी पुढील विवेचनासाठी ती पुन्हा सांगणे अवश्य आहे. कोल्हापूर संस्थानचे पहिल्या प्रतीचे सरदार बाबामहाराज पंडित 1897 च्या ऑगस्टमध्ये पुणे येथे वारले. मृत्युपत्रान्वये नेमलेल्या विश्वस्तांत टिळक व खापर्डे हे दोघे होते. बाबामहाराजांच्या पश्चात जन्मलेला पुत्र अल्पकाळातच दगावला. तेव्हा विश्वस्तांच्या संमतीने त्यांच्या तरुण विधवेने, म्हणजे ताईमहाराजांनी, दत्तक घ्यावा असा प्रसंग आला. 1901 च्या जूनमध्ये औरंगाबाद येथे जगन्नाथ या मुलाचे दत्तविधान झाले, असे विश्वस्तांचे म्हणणे. त्यानंतर ताईमहाराजांनी हे दत्तविधान नाकारले, ऑगस्टमध्ये कोल्हापुरास दुसरा मुलगा दत्तक घेतला आणि विश्वस्तांना मिळालेले प्रोबेट रद्द करण्यासाठी न्यायालयात अर्ज केला. 1902 च्या एप्रिलमध्ये न्यायाधीश ॲस्टन यांनी तो अर्ज मान्य केला आणि टिळकांवर फौजदारी खटल्याची वाट मोकळी करून दिली. 1903 च्या ऑगस्टमध्ये खोट्या साक्षीबद्दल टिळकांस 18 महिन्यांची शिक्षा झाली. अपिलात ती 6 महिन्यांवर आली. आणि 4 मार्च 1904 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती सर्वस्वी रद्द केली. दिवाणी दावा याहून दीर्घकाळ चालला. 1906 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने जगन्नाथाचे दत्तविधान ग्राह्य धरले. 1910 मध्ये उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. आणि 26 मार्च 1915 रोजी प्रिव्ही कौन्सिलने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करून दत्तविधान कायम केले.

चरित्रग्रंथांत या कथेचा जो अर्थ लावला जातो तो बहुधा एकच असतो. एका मृत मित्रास दिलेल्या वचनाखातर लोकनायकाने चौदा वर्षे क्लेश सोसले, सरकारने आकसाने त्याचा छळ केला आणि अखेर सत्याचा जय झाला, हा तो अर्थ. नरसिंह चिंतामण केळकर यांचे बृहत् टिळकचरित्र एका निकटवर्तीयाने लिहिलेले आहे. दादासाहेबांचे 1962 मध्ये प्रसिद्ध झालेले चरित्र त्यांचे पुत्र बाळकृष्ण गणेश खापर्डे यांचे आहे. अशा ग्रंथांत स्नेहाची व आदराची छाया असणे स्वाभाविक आहे आणि त्याबद्दल दोष देण्याचे कारण नाही. उणीव आहे ती दुसरीकडे. प्रिव्ही कौन्सिलने टिळक-खापर्डे यांचा पक्ष मान्य केला, एवढ्यावर या परंपरेचे समाधान होते. तो कोणत्या तत्त्वावर मान्य केला, याची चिकित्सा होत नाही. वास्तविक त्या निकालाचे स्थायी मूल्य त्या तत्त्वातच आहे.

ते तत्त्व असे. उच्च न्यायालयाने 1910 च्या निकालात औरंगाबादच्या विधीसंबंधीची विश्वस्तपक्षाची साक्ष अविश्वसनीय ठरवली. तसे ठरवताना साक्षीदारांच्या पूर्वीच्या जबान्यांचा आधार घेतला गेला. परंतु त्या जबान्यांतील विसंगत वाक्ये दाखवून त्यांचा खुलासा त्या साक्षीदारांस विचारण्यात आला नव्हता. लॉर्ड शॉ यांनी दिलेल्या निकालपत्रात या पद्धतीचा स्पष्ट निषेध आहे. साक्षीदाराच्या पूर्वीच्या लेखी कथनाने त्याला खोटे पाडावयाचे असेल, तर ते कथन प्रथम त्याच्या समोर ठेवले पाहिजे, त्यातील नेमका भाग त्याच्या नजरेस आणला पाहिजे आणि खुलाशाची संधी त्याला दिली पाहिजे. 1872 च्या पुरावा कायद्याच्या 145 व्या कलमात हा नियम होताच. इंग्लंडात हाउस ऑफ लॉर्ड्सने ब्राउन विरुद्ध डन या 1893 च्या निकालात, साक्षीदारास प्रश्न न विचारता पुढे त्याला असत्यवादी म्हणणे अन्यायाचे आहे, असे सांगितले होते. ‘बाळ गंगाधर टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित’ या निकालाने ते तत्त्व हिंदुस्थानच्या न्यायव्यवहारात दृढ केले, आणि आजही उलटतपासणीच्या मर्यादेची चर्चा होते तेव्हा हा निकाल उद्धृत होतो.

या नियमाकडे केवळ पुराव्याच्या तंत्राचा भाग म्हणून पाहिले तर त्याचा आशय हाती लागत नाही. पूर्वीच्या व नंतरच्या जबानीत भेद का पडतो, याची कारणे अनेक असतात. साक्ष मराठीत होते, टिपण इंग्रजीत होते. ‘परवा’ या एकाच शब्दाने मराठी माणूस मागचा आणि पुढचा असे दोन्ही दिवस दाखवतो. संदर्भ गळून पडला की त्याच शब्दातून दोन तारखा निघतात आणि कागदावर विसंगती उभी राहते. वऱ्हाडातील खेडूत आपल्या बोलीत बोलतो, वकील पुणेरी वळणाचे प्रश्न घालतो आणि न्यायाधीश तिसऱ्याच भाषेत नोंद करतो, अशा व्यवहारात खोटे आणि अपुरे यांतील अंतर केवळ त्या माणसाला विचारूनच कळू शकते. न विचारता निष्कर्ष काढणे म्हणजे ते अंतर जाणूनबुजून पुसून टाकणे होय.

यावर वकिलांच्या बाजूने एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो दुर्लक्षणीय नाही. वकिलाचे पहिले कर्तव्य पक्षकाराशी. साक्षीदाराला विसंगती आधी दाखवली तर तो सावध होऊन सारवासारव करील. तेव्हा गप्प राहून अखेरच्या युक्तिवादात ती विसंगती मांडणे हेच पक्षकाराच्या हिताचे, असा तो आक्षेप. त्याचे उत्तर दोन अंगांनी देता येते. खुलासा खरा असेल तर ती विसंगती म्हणजे असत्याचा पुरावा कधीच नव्हती, आणि तो खुलासा टाळून मिळवलेला जय न्यायालयाची दिशाभूल करून मिळवलेला ठरतो. खुलासा बनावट असेल तर तो उघडा पाडण्यासाठीच उलटतपासणीचे शस्त्र वकिलाच्या हाती दिलेले आहे. प्रश्न न विचारण्याचे स्वातंत्र्य वकिलास अवश्य आहे. परंतु प्रश्न विचारला नाही आणि आरोप मात्र केला, या दोन्हींचा लाभ एकाच वेळी घेण्याचे स्वातंत्र्य त्याला नाही. म्हणून प्रिव्ही कौन्सिलचा ठपका वरकरणी न्यायाधीशांवर असला, तरी त्यातील बोध प्रथम वकिलांसाठी आहे.

खापर्डे यांच्या दृष्टीने पाहता या प्रसंगाला विशेष धार येते. 1884 मध्ये कायद्याची पदवी घेतलेल्या या गृहस्थाने 1885 ते 1890 या काळात वऱ्हाडात मुन्सफ व एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर म्हणून काम केले आणि त्यानंतर अमरावतीस वकिली केली. न्यायासन व वकिलाची जागा या दोन्हींचा अनुभव असलेला हा माणूस या दाव्यात विश्वस्त, पक्षकार व साक्षीदार म्हणून तिसऱ्या जागी उभा होता. ज्याने इतरांच्या साक्षी तोलल्या आणि इतरांच्या साक्षी तपासल्या, त्याचीच साक्ष एका उच्च न्यायालयाने त्याज्य मानली. तो निकाल झाला तेव्हा टिळक मंडाले येथे कारावासात होते. 1908 मध्ये त्यांच्या सुटकेच्या खटपटीसाठी विलायतेस गेलेले खापर्डे 1910 मध्ये परतले, तो व्यवसायाची घडी विस्कटलेली होती. व्यवसायिकाच्या दृष्टीने सत्यवादीपणाचा लौकिक हे द्रव्याहून मोठे भांडवल असते. ते पाच वर्षे हिरावले गेले होते आणि 1915 च्या निकालाने परत मिळाले. परत मिळाले तेही पूर्णांशाने नव्हे. चिरोल यांच्या ‘इंडियन अनरेस्ट’ या 1910 च्या ग्रंथात ताईमहाराज प्रकरणाचा उल्लेख टिळकांस बाधक अशा रीतीने आला होता. त्यावरील अब्रुनुकसानीच्या दाव्यात लंडन येथील ज्यूरीने 1919 मध्ये टिळकांविरुद्ध कौल दिला. सर्वोच्च अपील न्यायालयाने साक्ष खरी मानल्यानंतरही सार्वजनिक संशय पुरता निवत नाही, हे यावरून दिसते; आणि म्हणूनच असा संशय निर्माण करणाऱ्या वकिलाची जबाबदारी अधिक ठरते.

साक्षीदाराविषयीचा हा तुच्छताभाव वऱ्हाडच्या कोर्टकचेऱ्यांच्या वातावरणात किती मुरलेला होता, याची एक वाङ्मयीन खूण ध्यानात घेण्याजोगी आहे. अकोल्यास वकिली सुरू करून पुढे खामगाव व जळगाव-जामोद येथे ती चालवणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचा पहिला विनोदी लेख 1902 मध्ये ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षक ‘साक्षीदार’ असे आहे. ज्या वर्षी पुण्यात विश्वस्तांच्या साक्षी त्याज्य ठरल्या, त्याच वर्षी वऱ्हाडातील एका वकिलाला विनोदासाठी पहिला विषय सुचावा तो साक्षीदाराचाच, हा योगायोग असला तरी अर्थशून्य नाही. विनोदकाराला तो अधिकार आहे. तथापि साक्षीदार म्हटला की तो हास्यास्पद वा विकाऊ, हे गृहीत बार रूममध्ये रूढ झाले की 145 वे कलम कागदावर राहते.

येथवर जे तत्त्व सिद्ध झाले, ते चरित्रलेखनालाही लावून पाहणे प्राप्त आहे. कारण या प्रकरणात आणखी एक व्यक्ती आहे, जिला खुलासा विचारला गेला नाही. ती म्हणजे स्वतः ताईमहाराज. 1903 मध्ये त्यांचे देहावसान झाले. दिवाणी दाव्याचे तिन्ही निकाल त्यांच्या मागे झाले. तरीही परंपरेने त्यांच्यावर आपला निकाल केव्हाच देऊन टाकला आहे : चंचल, दुसऱ्याच्या नादी लागणारी, उपकारकर्त्यांवर उलटलेली स्त्री. प्रिव्ही कौन्सिलने ठरवले ते एवढेच की औरंगाबादचे दत्तविधान कायद्याने सिद्ध होते आणि त्यासंबंधीची साक्ष खोटी नव्हती. एका तरुण विधवेला घरापासून दूर, दोन कायदेपंडितांच्या सान्निध्यात, वंशाचा व इस्टेटीचा निर्णय घ्यावा लागला तेव्हा तिला स्वतंत्र सल्ला कोण देत होते, हा प्रश्न त्या निकालाने सुटत नाही. विश्वस्त हा वकील असला की त्याचे ज्ञान त्याच्या सत्तेत भर घालते. ज्याच्या हितासाठी तो नेमलेला आहे, त्या व्यक्तीला आपल्याविरुद्ध सल्ला घेण्याची वाट मोकळी ठेवणे हे त्याचे व्यावसायिक कर्तव्य ठरते. टिळक-खापर्डे यांनी ते पाळले की नाही, हे ठरवण्याचा आग्रह येथे नाही. परंतु हा प्रश्नच न विचारणारे चरित्र 1910 च्या निकालाचीच चूक उलट्या दिशेने करते.

आजच्या नियमांकडे वळल्यास ही चर्चा केवळ ऐतिहासिक राहत नाही. 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने 1975 मध्ये केलेल्या आचारनियमांत न्यायालय, पक्षकार, प्रतिपक्ष व सहव्यावसायिक यांच्याविषयीच्या कर्तव्यांचे स्वतंत्र भाग आहेत; साक्षीदाराविषयीच्या कर्तव्याचा स्वतंत्र भाग नाही. ज्या प्रकरणात आपणास साक्षीदार व्हावे लागेल असे वाटते ते प्रकरण वकिलाने घेऊ नये, हा नियम आहे. पण तो वकिलाच्या स्वतःच्या साक्षीसंबंधीचा. सामान्य साक्षीदाराचे संरक्षण पुरावा कायद्यावर सोपवलेले आहे. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 148 व्या कलमात जुने 145 वे कलम कायम आहे, आणि वाजवी आधाराशिवाय साक्षीदाराच्या चारित्र्यावर आघात करणारे प्रश्न विचारू नयेत ही तरतूदही पुढील कलमांत कायम आहे. कायदा शिल्लक आहे; व्यवसायाच्या आचारसंहितेत मात्र त्याचे प्रतिबिंब क्षीण आहे.

म्हणून ताईमहाराज प्रकरणाचे वाचन दोन ठिकाणी नव्याने व्हावयास हवे. विधिशाखेच्या अध्यापनात ते पुराव्याच्या एका कलमाचे उदाहरण म्हणून येते, तेथे ते वकिलाच्या आचारधर्माचा पाठ म्हणून यावे. आणि वऱ्हाडच्या चरित्रवाङ्मयाच्या अभ्यासात ते विजयकथा म्हणून येते, तेथे ते जबाबदारीची कथा म्हणून तपासले जावे. अमरावतीच्या एका वकिलाला जो न्याय लंडनमध्ये मिळाला, तो अकोल्याच्या कोर्टात उभ्या राहणाऱ्या साध्या कुळाला रोजच्या उलटतपासणीत मिळतो काय, हा त्या दोन्ही वाचनांचा समान प्रश्न आहे.