एका घरातले चार धर्म

दिवाळीच्या सुट्टीआधी घाटकोपरच्या आमच्या शाळेत वर्गाचा फराळ झाला. एका मुलाने डबा आणला नव्हता. त्याला वाटा द्यावा, यावर सारा वर्ग एक झाला, पण 'का?' म्हणून विचारताच कोणी देवाचे नाव घेतले, कोणी बुद्धाची करुणा सांगितली, कोणी जकात, कोणी अपरिग्रह, आणि एक व्यवहारी पोर म्हणाले, "सर, उद्या माझा डबा राहिला तर?"

मला जोतीराव फुल्यांचे 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' आठवले. जोतीराव १८९० साली गेले आणि १८९१ साली ते छापून निघाले. त्यात एक घर आहे. बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी महमदी, मुलगा सत्यधर्मी. आणि चौघे गोडीने नांदतात! मी कादंबऱ्या लिहितो, पण असे घर रंगवण्याची माझी छाती झाली नाही.

तरी पाया तपासला पाहिजे. फुल्यांचा न्याय निर्मिकावर उभा आहे. त्याने सर्व स्त्री-पुरुष स्वतंत्र निर्माण केले, म्हणून कोणी कोणावर हुकमत गाजवू नये. मग निर्मिक न मानणाऱ्याने काय करावे? आगरकरांनी बुद्धीच्या कसोटीवर सुधारणा मागितली. डॉ. आंबेडकरांनी १९५४ साली आकाशवाणीवर सांगितले, की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून नव्हे, बुद्धापासून घेतली. बुद्धाला निर्मिक लागत नाही; तरीही शूद्रांच्या मुळाचा शोध घेणारा आपला १९४६ चा ग्रंथ बाबासाहेबांनी जोतीरावांनाच अर्पण केला. जिने निराळे, माडी एक! अमेरिकेतल्या जॉन रॉल्स यांनी १९९३ साली जवळपास हेच शास्त्रशुद्ध मांडले.

पण सगळी कारणे एकाच निर्णयाकडे नेत नाहीत, तेव्हा काय? फुल्यांच्या घरात कोणी भांडतच नाही, ही मला त्या चित्रातली उणीव वाटे. पुन्हा वाचताना चूक उमगली. तिथे प्रत्येकाने आधी पुस्तक स्वतः वाचले आहे आणि मग आपल्या मर्जीने धर्म घेतला आहे; बायकोनेही, मुलीनेही. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या माणसाने हे सहज लिहिलेले नाही. घरातला गोडवा नंतरचा. निवडीचा हक्क आधीचा. तो नसेल, तर घरातली शांतता म्हणजे नुसती एकाची जरब.

आणि मग मनाला टोचले. त्या दिवशी मी सर्वांना 'का?' विचारले, ज्याच्याकडे डबा नव्हता, त्याला मात्र काहीच विचारले नाही. सुट्टीनंतर पहिला प्रश्न त्यालाच.