‘समजलं नाही’ म्हणणाऱ्याचं देणं

गीतेच्या तिसऱ्या अध्यायाच्या तोंडाशीच अर्जुन तक्रार करतो. कर्माहून बुद्धी मोठी म्हणतोस, मग मला या घोर कर्मात का लोटतोस? तुझ्या बोलण्यानं मी गोंधळलो. काय ते एक नक्की सांग. सांगणारा श्रीकृष्ण, ऐकणारा जिवलग सखा, तरी विचार अडतो. कारण विचार नवा असला तरी ऐकणाऱ्याच्या पदरी शब्द जुनेच असतात. ‘कर्म’ म्हटलं की अर्जुनाला समोरचा रक्तपात दिसतो.

पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली जन्मलेल्या विनोबांपुढे हीच अडचण धुळ्याच्या तुरुंगात उभी होती. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात अठरा रविवारी त्यांनी तिथं अठरा अध्याय सांगितले. साने गुरुजींनी ते उतरवून घेतले, म्हणून ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली. त्यातलं चौथ्या अध्यायाचं प्रवचन मी पुन्हा पुन्हा वाचतो. ‘विकर्म’ या शब्दाचा अर्थ बहुतेक जुन्या भाष्यकारांनी ‘निषिद्ध कर्म’ असा केला. विनोबा त्याचा अर्थ करतात ‘विशेष कर्म’: बाहेरच्या कर्माला आतून मिळालेली चित्ताची जोड. ही जोड मिळाली की कर्माचं अकर्म होतं.

नुसती व्याख्या कोणाच्या गळी उतरली नसती, म्हणून विनोबा दृष्टांत देतात, आणि प्रत्येकाला वेगळं काम नेमून देतात. पिंडीवर पाण्याची धार पडत असताना मनाचीही धार अखंड चालायला हवी, यात बाहेरचं आणि आतलं जोडीनं कसं चालतं ते दिसतं. जड ओंडका पेटला की त्याची हलकी राख होते, यात ‘अकर्म’ हा अवघड शब्द हाताला लागतो: काम झालं, ओझं उरलं नाही. आणि आईनं दिलेला मार मूल सोसतं, दुसऱ्याचा सोसत नाही. मार तोच, आतला भाव वेगळा. या शेवटच्या दृष्टांतापाशी मी दर वेळी थांबतो. त्याला पांडित्य लागत नाही. समोर बसलेल्या प्रत्येक कैद्याला आई होती. पुरावा त्याच्याच आठवणीत होता. शब्दार्थाबद्दल शास्त्री वाद घालतील, आणि तो वाद खराच आहे. पण विचार पोचला.

ही हातोटी विनोबांना कुठून आली? मला तिचं मूळ घरात दिसतं. आई रुक्मिणीबाईंना संस्कृत गीता कळत नव्हती. विनोबांनी आणून दिलेलं मराठी पद्य भाषांतरही त्यांना जड गेलं. मग तूच का करत नाहीस, असं त्यांनी मुलाला विचारलं. १९१८ साली त्या गेल्या. विनोबांचं स्वतःचं मराठी भाषांतर, ‘गीताई’, १९३०-३१मध्ये लिहून झालं. ‘मला समजलं नाही’ असं सरळ सांगणारी आई हीच विनोबांची पहिली श्रोती.

असेच अडवणारे श्रोते आणखी एकाला भेटले. पेणच्या दक्षिणेला, कुंडलिकेकाठच्या रोह्यात १९२० साली पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले. तेही गीतेचेच प्रवचनकार. १९५४ साली जपानमधल्या तत्त्वज्ञ परिषदेत त्यांनी वैदिक जीवनविचार मांडला, तेव्हा श्रोत्यांनी विचारलं, असं जगणारा एखादा तरी समाज आहे का? त्याचं उत्तर पुढच्या काळात भक्तिफेरीनं दिलं: त्यांचे अनुयायी, म्हणजे स्वाध्यायी, गावोगाव जाऊ लागले, लोकांच्या ओटीवर बसू लागले. विनोबांनी श्रोत्याच्या अनुभवातला दृष्टांत शोधला. शास्त्रीजींनी श्रोत्याचा उंबरठा गाठला.

अर्जुन, रुक्मिणीबाई, जपानमधले ते श्रोते: प्रत्येकानं सांगणाऱ्याला अडवलं, आणि त्या अडवण्यानंच विचार स्वच्छ झाला. म्हणून अठराव्या अध्यायाचा शेवट मला इतका हृद्य वाटतो. सगळं सांगून झाल्यावर श्रीकृष्ण म्हणतो, याचा नीट विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. मग तोच अर्जुनाला विचारतो: एकाग्र मनानं ऐकलंस ना? तुझा मोह गेला का? तिसऱ्या अध्यायात प्रश्न ऐकणाऱ्यानं विचारला होता; इथं तो सांगणारा विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत थांबतो.